लघुउद्योगांचा ऑनलाइन आंतर-व्यवसाय व्यापार

एका व्यवसायसंस्थेने दुसरीशी इंटरनेटद्वारा केलेला क्रयविक्रय. भारतात १९९६ मध्ये निघालेल्या इंडियामार्टने लहान विक्रेत्याचा माल दूरच्या खरेदीदारापुढे मांडला. २०१६ पासून ‘जेम’ या शासकीय ऑनलाइन बाजारपेठेमुळे सरकारी खात्यांची खरेदीही त्याच्या आवाक्यात आली. तथापि गिऱ्हाईक मिळण्यापेक्षा वसुली हीच त्याची जुनी व्यथा असून, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने पैसे चुकते करण्यास कमाल ४५ दिवसांची मुदत घातली असली, तरी बड्या कंपनीविरुद्ध तक्रार गुदरणे म्हणजे पुढच्या ऑर्डरवर पाणी सोडणे, हे कोल्हापूरचा फौंड्रीवाला पुरते जाणून असतो.

रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या ‘ट्रेड्स’ या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचांची योजना ही वसुलीची अडचण सोडवण्यासाठीच झाली. पुरवठादार बिल चढवतो, खरेदीदार ते मान्य करतो, बँका वटावाच्या दराची बोली लावतात आणि पसंत पडलेल्या दराने रक्कम पुरवठादाराच्या खात्यात जमा होते. खरेदीदाराने पुढे पैसे थकवले, तरी तगादा पुरवठादाराकडे येत नाही. बोली लागते ती खरेदीदाराच्या पतपात्रतेवर, आणि म्हणून तारणावाचून कर्ज न मिळणाऱ्या कारखानदारालाही बड्यांच्या दराने भांडवल लाभते. जुन्या हुंडीव्यवहाराचाच हा, सराफाची मर्जी वगळलेला, अवतार म्हणावा. मात्र खरेदीदाराने बिल मान्यच न केल्यास ही सारी यंत्रणा निरुपयोगी ठरते.