नीरा खोऱ्यातील कालवे, ऊस आणि क्षारपड जमीन : आर्थिक विकास व पर्यावरणीय आव्हानांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विकसनशील आणि दाट लोकसंख्येच्या प्रदेशात आर्थिक विकास व पर्यावरण यांचा संघर्ष अटळ असतो, असे विधान नेहमी केले जाते. आधी विकास होतो, त्याचे दुष्परिणाम नंतर लक्षात येतात आणि मग उपाययोजना सुरू होते, असा क्रम या विधानात गृहीत धरलेला असतो. महाराष्ट्राच्या बाबतीत हा क्रम तपासून पाहणे आवश्यक आहे. १९६१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ३.९५ कोटी होती, ती २०११ मध्ये ११.२४ कोटी झाली. या वाढत्या लोकसंख्येचा भार ज्या जमिनीवर व पाण्यावर पडला, त्यांचा इतिहास मात्र स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात पुणे, सातारा व सोलापूर जिल्ह्यांना स्पर्श करणाऱ्या नीरा खोऱ्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१) दुष्काळ निवारणासाठी काढलेले कालवे ऊस पिकाकडे का वळले, याची कारणमीमांसा करणे.
२) क्षारपड जमिनीच्या समस्येचे ज्ञान केव्हा झाले व त्याचा उपयोग कितपत झाला, हे तपासणे.
३) पाणीवाटपाच्या पर्यायी विचाराचे महत्त्व स्पष्ट करणे.

गृहीतक :
नीरा खोऱ्यातील पर्यावरणीय समस्येचे मूळ अज्ञानात नसून पाणीवाटपाच्या आर्थिक व सामाजिक रचनेत आहे.

दुष्काळ आणि कालव्याचे अर्थकारण :
१८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने मुंबई इलाख्यातील दख्खनचे जिल्हे उद्ध्वस्त केले. नीरा डाव्या कालव्याचे काम याच काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आले आणि १८८५ मध्ये कालव्यात पाणी सोडण्यात आले. पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांतील अवर्षणग्रस्त गावांच्या ज्वारी-बाजरीला संरक्षण मिळावे, ही त्यामागील अपेक्षा होती.

प्रत्यक्षात एक वेगळीच अडचण उभी राहिली. पाऊस चांगला झाला की जिरायत पिकांसाठी शेतकरी पाटाचे पाणी घेत नसे. पाऊस हुकला की सर्वांनाच एकाच वेळी पाणी हवे असे. अशा अनिश्चित मागणीवर कालव्याचा खर्च भरून निघणे शक्य नव्हते. वसाहतकालीन शासन पाटबंधाऱ्यांकडे उत्पन्नाच्या दृष्टीनेही पाहत असल्याने वर्षभर पाणी घेणारे व जास्त पाणीपट्टी देऊ शकणारे पीक त्याला हवे होते. ऊस हे ते पीक ठरले. सासवडच्या माळी समाजातील कुशल बागायतदार उसाच्या शेतीसाठी कालव्यांच्या मागोमाग स्थलांतरित झाले आणि गुळाचा व्यापार वाढला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना ‘ब्लॉक पद्धती’ची मांडणी केली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावी, त्याच्या एका भागातच ऊस घ्यावा, उर्वरित भागात हंगामी पिकांची फेरपालट करावी आणि पाण्याचा लाभ अधिक गावांत पसरावा, असे तिचे स्वरूप होते. म्हणजेच उसावर मर्यादा असावी, हा विचार या व्यवस्थेत प्रारंभापासून होता. काळाच्या ओघात त्यातील पाण्याची हमी टिकली. मर्यादा मात्र सैल होत गेली.

क्षारपड जमिनीचे ज्ञान :
नीरा खोऱ्यातील खोल काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा सावकाश होतो. कालव्यातून होणारी गळती व उसाला दिले जाणारे अतिरिक्त पाणी यांमुळे भूजलाची पातळी वर येते. त्या पाण्यात विरघळलेले क्षार केशाकर्षणाने पृष्ठभागाकडे सरकतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. प्रथम जमीन पाणथळ होते, नंतर तिच्यावर पांढरा थर दिसू लागतो आणि शेवटी ती चोपण बनून नापीक होते.

ही प्रक्रिया अलीकडे उमगली, असे मानण्यास आधार नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास केला आणि तो १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्यात पाणी आल्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांत ही समस्या शास्त्रीय अभ्यासाचा विषय झाली होती. पुढे सी. सी. इंग्लिस यांच्या मार्गदर्शनाखाली दख्खनच्या कालव्यांवर निचऱ्याचे प्रयोग झाले. खालच्या मुरमाच्या थरापर्यंत पोहोचणारे खोल चर काढल्यास जमीन सुधारू शकते, हे त्यांतून दिसून आले. निदान उपलब्ध होते आणि उपायही उपलब्ध होता. तरीही समस्या का वाढली, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर लाभ व हानी यांच्या विभागणीत सापडते. जादा पाण्याचा लाभ वरच्या भागातील बागायतदाराला मिळे. पाझर मात्र सखल भागातील शेतकऱ्याच्या जमिनीत उतरे. चर काढणे हे एकट्याचे काम नव्हते, कारण तो अनेकांच्या शेतांतून नेऊन ओढ्याला मिळवावा लागतो. पाणी देणारी यंत्रणा होती, पाणीपट्टी वसूल करणारी यंत्रणा होती. परंतु पाणी बाहेर काढण्याची तितकीच समर्थ यंत्रणा उभी राहिली नाही.

साखर उद्योग आणि सहकार :
१९२० च्या दशकाच्या अखेरीस भाटघर येथील नवे धरण पूर्ण झाले आणि उजव्या कालव्यामुळे फलटण, माळशिरस या भागांत सिंचनाचा विस्तार झाला. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाल्यावर वालचंदनगर व माळीनगर येथे कारखाने उभे राहिले. १९५० मध्ये प्रवरा खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील व डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि तोच आदर्श नीरा खोऱ्यातही स्वीकारला गेला.

सहकारी साखर कारखानदारीचे श्रेय नाकारता येणार नाही. रस्ते, शाळा, महाविद्यालये व रुग्णालये यांच्या रूपाने ग्रामीण भागाचे जीवनमान उंचावले आणि सामान्य शेतकऱ्याला बाजारपेठेत प्रतिष्ठा मिळाली. आपल्यापैकी अनेक प्राध्यापक ज्या महाविद्यालयांतून अध्यापन करतात, त्यांच्या उभारणीत उसाच्या पैशाचा वाटा आहे. म्हणून या विषयाकडे तटस्थपणे पाहण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते. कारण याच विकासाने बारामतीसारख्या एकाच तालुक्यात बागायती आणि जिरायती असे दोन भाग कायम ठेवले. पाटाखालील गावांत जमीन अतिपाण्याने खराब होत असताना पाटाबाहेरील गावांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली जात होती. मळीमिश्रित सांडपाण्याने नद्या दूषित होण्याचा प्रश्नही पुढे आला. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. येथेही कायदा लवकर झाला, अंमलबजावणी मात्र मागे राहिली.

पर्यायी विचार :
१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवावा, माणशी अर्ध्या एकराला पाणी द्यावे, भूमिहीनांनाही वाटा मिळावा आणि ऊस घेऊ नये, ही त्याची प्रमुख तत्त्वे होती. लोकसंख्या हा पाणीप्रश्नातील अडथळा मानला जातो. या प्रयोगाने लोकसंख्येलाच वाटपाचे माप बनवले. हा प्रयोग मर्यादित क्षेत्रात राहिला, तरी उसावरील मर्यादा गावकऱ्यांच्या संमतीने पाळता येते, हे त्याने दाखवून दिले.

याउलट राज्यपातळीवरील चित्र फारसे बदलले नाही. राज्यातील एकूण पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, याकडे केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने २०१३-१४ च्या ऊस दरविषयक अहवालात लक्ष वेधले. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. तरीही एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. २०२१-२२ च्या हंगामात साखर उत्पादनात महाराष्ट्र देशात अग्रस्थानी होता.

निष्कर्ष :
१) नीरा कालव्याचा उद्देश दुष्काळापासून संरक्षण हा होता, परंतु पाणीपट्टीच्या गरजेमुळे तो उसाकडे वळला.
२) जमीन क्षारपड होण्याची कारणे १९१० पर्यंत अभ्यासली गेली होती. ‘आधी विकास, नंतर जाणीव’ हा क्रम येथे लागू पडत नाही.
३) लाभ घेणारा व हानी सोसणारा हे वेगवेगळे असल्याने उपलब्ध ज्ञान कृतीत उतरले नाही.
४) सिंचन प्रकल्पाच्या खर्चात निचऱ्याचा खर्च आरंभापासून धरणे आणि पाण्याचा हक्क माणसांच्या संख्येशी जोडणे, हे दोन धडे या इतिहासातून मिळतात.

नीरा खोऱ्यातील पांढरा थर चढलेली शेते ही केवळ कृषिशास्त्राच्या अभ्यासाची बाब नाही. पाणी कोणाला द्यावे, याविषयी शंभर वर्षांहून अधिक काळ घेतल्या गेलेल्या निर्णयांची ती दप्तरे आहेत. ती वाचण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकांनी अर्थशास्त्र, भूगोल व कृषिशास्त्राच्या अभ्यासकांसह करावे, अशी अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.