रक्तदाबाचा आकडा खरा कधी मानावा? एका मोजमापाचा इतिहास (थ्रेड)

१/ दंडाभोवती पट्टा गुंडाळला, कळ दाबली, की रक्तदाबाचे दोन आकडे समोर येतात. हे दोन्ही आकडे शरीरावर जखम न करता मिळवण्याची खात्रीची रीत सापडेपर्यंत मात्र पहिल्या मोजमापानंतर पावणेदोनशे वर्षे लोटली. यंत्र हाती आल्यावरही ते नीट लावायचे कसे, हे शिकणे बाकीच होते.

२/ इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी जिवंत घोडीला जखडून तिच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला काचेची उंच नळी जोडली. हृदयाच्या पातळीपासून रक्त ८ फूट ३ इंच वर चढले. हा प्रयोग १७३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रुग्णावर तो करणे अर्थातच अशक्य होते.

३/ १८२८ मध्ये फ्रेंच वैद्य ज्याँ प्वाझय यांनी पाऱ्याची नळी वापरली. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. त्यामुळे हेल्स यांचा अडीच मीटरचा रक्तस्तंभ पाऱ्यात जेमतेम २० सेंटिमीटर भरला असता. रक्तदाब आजही ‘मिलिमीटर पारा’ या एककात सांगतात, तो या वारशामुळे. तरीही धमनीत नळी खुपसावी लागतच होती.

४/ १८९६ मध्ये इटलीतील तुरिन येथे शिपिओने रिव्हा-रोची यांनी दंडाभोवती रबरी पट्टा बांधून त्यात हवा भरली. मनगटावरची नाडी लागेनाशी झाली की पाऱ्याची उंची वाचायची. रक्ताचा एक थेंबही न सांडता वरचा आकडा मिळू लागला.

५/ पण तो पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्ट्याचा दाब दंडात खोलवर पुरता पोहोचत नाही. धमनी मिटवण्यासाठी जास्त हवा भरावी लागते आणि आकडा वास्तवापेक्षा मोठा दिसतो. १९०१ मध्ये जर्मनीतील हाइनरिख फॉन रेकलिंगहाउझेन यांनी हा दोष दाखवून रुंद पट्टा सुचवला. यंत्र निर्दोष असूनही निरोगी माणूस रुग्ण ठरू शकत होता!

६/ त्याच वर्षी अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी पाव्हिया येथे रिव्हा-रोची यांची पद्धत पाहिली आणि ती बाल्टिमोरला नेली. मात्र बोटांनी नाडी चाचपून खालचा आकडा नीट मिळत नव्हता.

७/ तो दिला एका रशियन लष्करी शल्यचिकित्सकाने. रशिया-जपान युद्धातील (१९०४-०५) जखमींवर उपचार करताना निकोलाय कोरोत्कोव्ह यांच्यापुढे बिकट प्रश्न असे : इजा झालेली धमनी बांधली, तर हात किंवा पाय जगेल का? उत्तर शोधताना ते रक्तवाहिन्यांवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकत असत.

८/ १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यक अकादमीत त्यांनी आपली रीत अगदी थोडक्या शब्दांत मांडली. पट्ट्याने धमनी पूर्ण मिटली की शांतता. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. धमनी पुरती मोकळी होऊन ठोके विरतात, तो खालचा.

९/ ऐकण्याची रीत ठरली, तरी हाताची पातळी चुकून चालत नाही. हात हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर आकडा सुमारे ८ मिलिमीटरने वाढतो. हेल्स यांनीही उंची हृदयापासूनच मोजली होती. १९३९ मध्ये अमेरिका व ब्रिटनमधील हृदयवैद्यक संस्थांनी मोजणीच्या संयुक्त शिफारशी प्रसिद्ध केल्या.

१०/ आज बहुतेक स्वयंचलित यंत्रे ठोके ऐकत नाहीत. पट्ट्यातील दाबाची कंपने टिपतात. जुने नियम मात्र कायम आहेत : पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला टेकू द्यावा, पाय जमिनीवर ठेवावेत, बोलू नये, दंडाच्या मापाचा पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि तो हृदयाच्या पातळीत असावा. या आकड्यावरून अनेकांची आयुष्यभराची गोळी ठरते. पट्टा अरुंद असेल, तर ती गोळी विनाकारण सुरू होते. तो गरजेपेक्षा मोठा असेल, तर खरा आजार लपून राहतो.