पाणीवेशीपुढचा करार



दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीही झाली. पूजेच्या वस्त्रांसोबत आपण दहा दिवसांचे नियमही घडी करून ठेवून देतो का, असा प्रश्न मला दरवर्षी पडतो. यंदा त्या विचारात बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचलं.

इ.स.पूर्व 586 मध्ये बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम आणि तिथलं मंदिर उद्ध्वस्त केलं. पुढे इराणी राजवटीत यहुदी परतले, मंदिर पुन्हा उभं राहिलं. इ.स.पूर्व 445 च्या सुमारास नहेम्याने गावकोसाची भिंत 52 दिवसांत बांधून घेतली. भिंत झाली, पण देवाशी केलेला जुना करार लोक विसरले होते.

सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळे पाणीवेशीपुढच्या चौकात जमले. पुरुष, बायका आणि ज्यांना समजेल अशी मुलंसुद्धा. एज्रा याजक होता आणि शास्त्रीही. लाकडी चौथऱ्यावर उभं राहून त्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं. लेवी लोकांमध्ये फिरून अर्थ समजावत होते. आपले पंडितजी प्राकृत गाथेचा मराठीत अर्थ सांगतात, तसंच.

अर्थ कळला तसे लोक रडू लागले. तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, रडू नका, घरी जा, गोडधोड खा आणि ज्यांच्या घरी काही नाही त्यांना वाटा पाठवा.

चोविसाव्या दिवशी मात्र उपवास झाला. गोणपाट नेसून, डोक्यावर माती घालून त्यांनी आपली आणि पूर्वजांची पापं कबूल केली. मला आपलं प्रतिक्रमणच आठवलं. मग करार लिहिला गेला. याजक, लेवी आणि प्रमुख मिळून ऐंशीहून अधिक जणांनी त्यावर मोहोर केली. बाकीच्यांनी, बायका-मुलींसकट, शपथ घेतली. कलमं अगदी रोजच्या व्यवहारातली: शब्बाथाला खरेदी नाही, सातव्या वर्षी कर्जमाफी, मंदिरासाठी दरसाल एक तृतीयांश शेकेल आणि वेदीसाठी लाकूड कोणी आणायचं याच्या चिठ्ठ्या.

त्या वेदीवर पशुबळी जात, हे आपल्याला पटणारं नाही. परक्यांशी सोयरीक नको हेही एक कलम होतं. एज्राच्या पुस्तकात तर परदेशी बायकांना मुलांसकट घराबाहेर काढल्याचं वाचलं आणि जीव कळवळला. त्या बायकांचं पुढे काय झालं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि तो करारही टिकला नाही. नहेम्या राजाकडे जाऊन परत आला, तर एल्याशीब याजकाने मंदिरातली कोठी आपल्या नात्यातल्या तोबीयाला देऊन टाकलेली. लेवींचा वाटा थांबलेला, म्हणून ते सेवा सोडून शेतावर गेलेले. शब्बाथाला बाजार भरलेला. नहेम्याने सामान बाहेर फेकलं, वेशी बंद केल्या आणि घडी पुन्हा बसवली.

यातून मी एवढंच घेतलं. याजक असो वा पंडित, तो अर्थ सांगेल, पण नियम आपल्या वतीने पाळणार नाही. तोही चुकू शकतो. व्रत मोडतं, म्हणून तर ते पुन्हा घ्यायचं असतं.

माझा रात्रिभोजन त्यागाचा नियम यंदा दोनदा मोडला. आज पुन्हा घेतला आहे.

उत्तम क्षमा.