कोइड अ ब्रेनिन

कोइड अ ब्रेनिन : उत्तर वेल्सच्या ग्विनेध परगण्यातील, एरिरी (स्नोडोनिया) राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण भागात पसरलेले सुमारे 9,000 एकरांचे सरकारी अरण्य व त्यातील डोंगरी सायकलवाटांचे जाळे. माउधाख, एडेन व गाइन या नद्यांनी खोल कोरलेल्या दऱ्या, त्यांच्या उतारांवर उभी असलेली डग्लस फर, सिटका स्प्रूस व लार्च या वृक्षांची दाट लागवड आणि अटलांटिक महासागरावरून बारमाही येणारा पाऊस, ही या मुलखाची लक्षणे होत. केवळ डोंगरी सायकलीकरिता आखून बांधलेल्या वाटांचे ब्रिटनमधील पहिले केंद्र 1990 नंतरच्या दशकात येथे उभे राहिले.

हा प्रदेश पूर्वी नानाय येथील व्हॉन या जमीनदार घराण्याच्या मालकीचा होता. पहिल्या महायुद्धात इमारती लाकडाचा जो तुटवडा पडला, त्याची पुनरावृत्ती होऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारने 1919 मध्ये वन-आयोग स्थापन केला, व त्या आयोगाने 1922 मध्ये ही जमीन ताब्यात घेऊन तीवर सूचिपर्णी वृक्षांची लागवड आरंभिली. 1935 मध्ये पंचम जॉर्ज याच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त अरण्यास ‘राजाचे वन’ या अर्थाचे सध्याचे नाव मिळाले. अरण्याच्या पोटात तांब्याच्या व सोन्याच्या खाणी होत्या. त्यांपैकी ग्विनवनिध येथील सोन्याची खाण विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. खाणीचा रोजगार संपला आणि वृक्षतोडीचे काम यंत्रांकडे गेले, तेव्हा डोल्गेथ्लाय व गानथ्लुइड या परिसरातील लोकांच्या उदरनिर्वाहाचा जो प्रश्न उरला, त्याचे एक आंशिक उत्तर या सायकलवाटांनी दिले.

इंग्लंड व वेल्समध्ये 1968 च्या कायद्याने सायकलस्वारास घोडेवाटांवरून जाण्याचा हक्क मिळाला, परंतु पादचाऱ्यास व घोडेस्वारास वाट देण्याचे बंधनही त्याजवर घालण्यात आले. पायवाटांवर मात्र त्यास असा हक्क नाही. पुढे डोंगरी सायकलींचा प्रसार झाल्यावर जुन्या वहिवाटीच्या मार्गांवर गर्दी व कलह वाढले. जवळच्याच स्नोडन शिखरावर मे ते सप्टेंबर या महिन्यांत सकाळी 10 ते सायंकाळी 5 पर्यंत घोडेवाटांवर सायकल न नेण्याचा ऐच्छिक करार करावा लागला, तो याच कारणाने. कोइड अ ब्रेनिनची जमीन एकाच सरकारी खात्याच्या हाती असल्याने येथे हा पेच निराळ्या रीतीने सोडविता आला. सायकलस्वारास दुसऱ्याच्या वाटेवर सोसून घेण्याऐवजी त्याच्यासाठी स्वतंत्र वाटच बांधावी, ही तजवीज येथे प्रथम अमलात आली.

या कार्याचे श्रेय मुख्यतः वन-आयोगाच्या सेवेतील दाविध डेव्हिस यांजकडे जाते; पुढे त्यांना ‘एम.बी.ई.’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला. तत्पूर्वी अरण्यात सायकल चालवायची म्हणजे लाकडाच्या मालमोटारींसाठी केलेल्या रुंद, कंटाळवाण्या रस्त्यांवरून जायचे, किंवा झाडांतून चोरवाट काढून पहिल्या पावसात तिचा चिखल करून टाकायचा, असे दोनच पर्याय असत. डेव्हिस यांनी स्वयंसेवकांच्या साहाय्याने, तुटपुंज्या पैशावर, झाडांच्या मधून वळणे घेत जाणारी एकेरी वाट आखली आणि ती दगडाने बांधली. निधी अपुरा असल्यामुळे खाजगी कंपन्यांचे साहाय्य घेण्यात आले व त्यांची नावे वाटांना मिळाली. त्यांतील ‘रेड बुल’ या वाटेस पुढे बैल या अर्थाचे ‘तारू’ हे वेल्श नाव देण्यात आले.

वाटेची रचना हा या केंद्राचा सर्वांत मननीय भाग होय. डोंगरी वाटेचा नाश चाकांपेक्षा पाणी अधिक करते. चाकाने पडलेल्या चाकोरीत एकदा पाणी उतरले, की वाट हीच ओघळ बनते आणि काही हिवाळ्यांत तिचा खडकाळ नाला होतो. म्हणून वाट सरळ उताराने खाली न नेता डोंगराच्या कुशीने, समोच्च रेषेच्या जवळून आडवी नेतात. तिचा चढ, डोंगराच्या स्वतःच्या उताराच्या निम्म्याहून कमी व सरासरीने शेकडा 10 च्या आत राहील अशी दक्षता घेतात. बाहेरील कडेकडे तिला किंचित ढाळ देतात. आणि थोड्याथोड्या अंतरावर उतरती वाट क्षणभर पुन्हा चढवितात, जेणेकरून साचू पाहणारे पाणी त्या खळग्यातून दरीकडे निघून जावे. सायकलस्वारास आनंद देणारा तो लाटांसारखा चढउतार ही मुळात जलनिःसारणाची योजना असते, हे जाणणारे प्रवासी थोडे. वेल्सच्या डोंगरांवर वरचा थर कुजलेल्या वनस्पतींचा, पाणी धरून ठेवणारा असतो. तो खणून काढून खालच्या घट्ट थरावर खडी व मुरूम दाबावा लागतो, आणि जेथे उतार तीव्र किंवा जमीन दलदलीची असेल तेथे मोठे दगड उभे रोवून, एकमेकांत अडकवून, फरसबंदी करावी लागते. हे काम जोखीम पत्करणाऱ्या खेळाडूचे नसून धीराच्या गवंड्याचे आहे, आणि या वाटा ऐन पावसाळी दिवसांतही वापरता येतात त्याचे कारण तेच.

वाटांचे वर्गीकरण काठिण्याप्रमाणे हिरवी, निळी, तांबडी व काळी या रंगांनी केले जाते. काळ्या वर्गातील ‘तारू’ सुमारे 20 किलोमीटर, तर ‘बीस्ट ऑफ ब्रेनिन’ सुमारे 38 किलोमीटर लांब आहे; ‘एम.बी.आर.’ या वाटेस एका सायकल-मासिकाचे नाव आहे. ‘मायनरटॉर’ ही निळी वाट नवशिक्यांसाठी असून, हाताने चालवायच्या तीनचाकींवरून अपंग व्यक्तींनाही जाता यावे अशा बेताने तिची रुंदी व वळणे ठरविली आहेत. मला स्वतःला साऱ्या अरण्यातील सर्वांत मोलाची वाट हीच वाटते, कारण डोंगराचे सौख्य धडधाकटांच्या मक्तेदारीतून तिने अंशतः तरी सोडविले आहे.

येथील यशानंतर वेल्समध्ये आवान, कुमकार्न, नांट अर आरिअन आदी ठिकाणी अशीच केंद्रे निघाली. दक्षिण स्कॉटलंडमधील ‘सेव्हन स्टेन्स’ ही सात केंद्रांची योजना, 2001 मधील गुरांच्या लाळखुरकताच्या साथीने खचलेल्या ग्रामीण भागास आधार देण्याचा एक उपाय ठरली. वाटांचे आयुष्य मात्र अरण्याच्या आयुष्याशी जखडलेले असते. लार्च वृक्षांवर पडलेल्या ‘फायटोफ्थोरा रॅमोरम’ या रोगामुळे 2010 पासून वेल्समध्ये विस्तीर्ण पट्टे तोडावे लागले आहेत, आणि अशी तोड चालू असताना तिच्या टापूतील वाटा बंद ठेवणे किंवा वळविणे भाग पडते.

1 एप्रिल 2013 पासून अरण्याची व्यवस्था ‘नॅचरल रिसोर्सेस वेल्स’ या सरकारी संस्थेकडे आहे. खर्चकपातीच्या धोरणानुसार तिने 31 मार्च 2025 रोजी येथील अभ्यागत-केंद्रातील उपाहारगृह व दुकान बंद केले. स्थानिक नागरिकांनी त्यास विरोध करून ते स्वतः चालविण्याची तयारी दर्शविली. उपाहारगृह बंद केल्याची बचत ताळेबंदात लगेच दिसते. पण ज्या ठिकाणी लोक एकत्र जमतात तेथेच वाटेची तुटफूट कानावर येते आणि स्वयंसेवक मिळतात, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. त्यामुळे हा निर्णय अदूरदर्शी होता असेच म्हणावे लागते. वाहनतळ व सायकलवाटा खुल्या राहिल्या आहेत. केंद्राचे ठिकाण डोल्गेथ्लायच्या उत्तरेस सुमारे 8 मैलांवर, ए-470 या मार्गालगत आहे. प्रथमच जाणाऱ्याने निघण्यापूर्वी बंद वा वळविलेल्या वाटांची सूचना पाहावी आणि आरंभ निळ्या वाटेपासून करावा.