२३ मे १९४५ : झरीची सभा

पेट्रोल, विजेच्या आधीपासून मुंबई चालत होती ती गवतावर आणि लाकडावर. तबेल्यातल्या म्हशींना, गाडीच्या घोड्यांना लागणारे गवत डहाणू-तलासरीकडून जाई. सागवान आणि जळाऊ लाकूडही इथलेच. कापणारे हात वारल्यांचे, नफा मात्र जमीनदार आणि ठेकेदारांचा. वर वेठबिगार होतीच.

२३ मे १९४५ रोजी झरी गावात सुमारे ५,००० आदिवासी जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने भरवलेल्या या सभेत ठरले: वेठ करायची नाही, फुकट राबायचे नाही.

पावसाळा सरला, गवत पिवळे पडू लागले आणि विळे थांबले. मागणी अगदी नेमकी होती : ५०० पौंड गवत कापण्याचे २ रुपये ८ आणे. कापणीच्या ऐन हंगामातला संप जमीनदारांना झोंबणारच! खोट्या आवईने तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर १० ऑक्टोबरला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह ५ जण ठार झाले. संप मोडला नाही.

पुढच्या वर्षी कुऱ्हाडीही थांबल्या. जंगलकामाला दिवसाकाठी सव्वा रुपया मजुरी लाकूड व्यापाऱ्यांना मान्य करावी लागली.