८ नोव्हेंबर १५१९ : कोर्तेस मोक्तेसुमाच्या दारी

टेक्सकोको सरोवरातल्या तेनोच्तित्लान या अ‍ॅझ्टेक राजधानीत या दिवशी स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस शिरला. सम्राट मोक्तेसुमाने स्वतः सामोरे जाऊन त्याचे स्वागत केले, सोन्याच्या कोळंब्या लटकवलेले शंखांचे हार त्याच्या गळ्यात घातले, राहायला वाडा दिला. पाहुण्यांना सोनेच हवे होते. काही दिवसांत त्यांनी यजमानालाच कैद केले. देवळांतल्या मूर्ती हटवण्याचा हट्टही होताच. मे १५२० मध्ये तोश्काट्लच्या सणात नाचणाऱ्या निःशस्त्र लोकांची कोर्तेसचा सहकारी पेद्रो दे आल्वारादो याने कत्तल करवली आणि शहर पेटून उठले. मूठभर स्पॅनिशांना एकट्याने हे राज्य बुडवता आले नसते. अ‍ॅझ्टेकांनी ज्यांचे मीठही अडवले होते, ते त्लाश्कालाचे योद्धे हजारोंनी कोर्तेसला मिळाले. त्यात देवीच्या रोगाची साथ आली. १३ ऑगस्ट १५२१ रोजी राजधानी पडली.