ई-मेल जोडणीचा स्वयंशोध : एका दुर्लक्षित प्रश्नाचा इतिहास

संदेश कसा वाहून न्यावा, हा ई-मेलमधील प्रश्न तुलनेने लवकर सुटला. जॉन पोस्टेल यांनी सिद्ध केलेली एसएमटीपीची संहिता ऑगस्ट १९८२ मधील आहे. परंतु वाचकाच्या संगणकाला आपले टपालघर कोठे आहे हे कसे कळावे, याचा भार दीर्घकाळ वापरकर्त्यावरच राहिला. सर्व्हरचे नाव, पोर्ट ११० की १४३, सांकेतिकीकरण हवे की नको, हे सारे त्याने कागदावर पाहून भरावयाचे. एक टिंब चुकले तरी जोडणी होत नसे.

१९९७ मधील एसीएपी या प्रमाणाने वापरकर्त्याची मांडणी सर्व्हरवरच साठविण्याचा मार्ग सुचविला. तो फारसा रूढ झाला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये डोमेननावाच्या नोंदीतूनच सेवेचा ठिकाणा सांगणाऱ्या ‘एसआरव्ही’ नोंदींचे सुधारित प्रमाण आले. मात्र ई-मेल वाचकासाठी तिचा विनियोग मार्च २०११ मधील आरएफसी ६१८६ पर्यंत लांबला. तोवर उत्पादकांनी आपापल्या वाटा धरल्या होत्या. एक्स्चेंज २००७ सोबत ‘ऑटोडिस्कव्हर’ आले; डिसेंबर २००९ मधील थंडरबर्ड ३ प्रथम डोमेनला, नंतर मोझिलाच्या माहितीकोशाला विचारी आणि अखेरीस चक्क अंदाज बांधी.

या शोधाची खरी किंमत २०२१ मध्ये उघड झाली. ‘ऑटोडिस्कव्हर’ ही प्रणाली पत्त्यातील डोमेनवर उत्तर शोधते. ते न मिळाल्यास काही प्रणाली संस्थेचे नाव गाळून थेट ‘ऑटोडिस्कव्हर.कॉम’सारख्या परक्या डोमेनकडे वळत. गार्डिकोर या सुरक्षा-संस्थेने अशी अनेक डोमेने विकत घेतली. त्यांत भारताचे ‘ऑटोडिस्कव्हर.इन’ही होते. १६ एप्रिल ते २५ ऑगस्ट या काळात तेथे विंडोज डोमेनची ३,७२,०७२ प्रवेश-परिचये आपणहून येऊन पडली. विविध प्रणालींकडून आलेली ९६,६७१ परिचये एकमेवाद्वितीय होती.

येथे शोधाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. उत्तर देणारा कोण, याची खातरजमा होण्यापूर्वीच परवलीचा शब्द त्याच्या स्वाधीन होत होता. वस्तुतः सर्व्हरचे नाव मूळ डोमेनबाहेरचे निघाल्यास वापरकर्त्याला विचारावे, ही सूचना आरएफसी ६१८६ मध्ये दहा वर्षांपूर्वीच नोंदलेली होती.

परवलीचा शब्द जवळजवळ उघड्यावर नेणारी ‘बेसिक’ ओळखपद्धती एक्स्चेंज ऑनलाइनमधून काढण्यास मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ मध्ये आरंभ केला. एसएमटीपीने पत्र पाठविण्याचा मार्ग तेवढा तेव्हा वगळण्यात आला.